शेख फत्तेलाल यांनी रंगवलेला इतिहास

२०२४ च्या डिसेंबरात कामानिमित्त साताऱ्याला गेलो होतो. दुपारी मोकळा वेळ मिळाला म्हणून छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून आणलेली वाघनखे तेव्हा तिथे होती. १९ जुलैला मोठ्या थाटात त्यांचे प्रदर्शन सुरू झाले होते आणि सहा महिने होत आले तरी गर्दी ओसरली नव्हती. शाळेच्या सहली होत्या, गावाकडची माणसे होती. माझ्या पुढे कडेवर मूल घेतलेला एक बाप होता. काचेपाशी पोहोचल्यावर मुलाने विचारले, "पप्पा, याला रक्त का नाही?" बाप म्हणाला, "धुतलं असंल." रांग पुढे सरकली. मीही पाहिले. पोलादी पट्टी, दोन टोकांना बोटे घालायची वळी आणि वाकडी, टोकदार नखे. तळहातात लपेल एवढी वस्तू.

या वस्तूबद्दल लंडनचे संग्रहालय काय सांगते, हे मी आधी वाचले होते. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. त्याच्या घराण्याकडून ही वाघनखे संग्रहालयाकडे आली. ती ज्या पेटीत होती त्या पेटीवर एक मजकूर आहे. या वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले, असे त्यात म्हटले आहे. अफझलखान मोगलांचा नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला एवढे साधे माहीत नव्हते. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा लावून धरला होता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले याला सभासदाच्या बखरीपासून आधार आहेत. शंका फक्त काचेपलीकडच्या वस्तूबद्दल आहे.

रांगेत ही शंका बोलून दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही. माझे नाव काय आहे हे मला ठाऊक आहे. हीच शंका सावंतांनी घेतली तर तो इतिहासाचा वाद होतो, मी घेतली तर मी खानाच्या बाजूचा ठरतो. मुकाट्याने बाहेर आलो आणि चहा पिताना एक वेगळेच संग्रहालय आठवत बसलो.

ते संग्रहालय पुण्यात आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. शेजारच्या प्रभात रोडचे नाव तिच्यावरूनच पडले. इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या प्रभात म्युझियममध्ये कंपनीच्या काळातले पोशाख, सामानसुमान, छायाचित्रे जपून ठेवली आहेत. सिनेमासाठी बनवलेल्या वस्तू जवळून पाहण्याचा अनुभव गमतीचा असतो. पडद्यावर जे सोने होते ते लाकडावर चढवलेला पिवळा रंग असते. दगडी वाटलेला खांब तरटावर थापलेल्या प्लास्टरचा असतो. समोरून राजवैभव आणि पाठीमागे उघडी लाकडी पट्टी, खिळे. मात्र तिथे 'हे खरे आहे' असे कुणीही म्हणत नाही. हे खोटे आहे, अमुक सिनेमासाठी तमुक साली केले आहे, एवढेच सांगणे असते आणि ते शंभर टक्के खरे असते.

आणखी एक गोष्ट. त्या रंगवलेल्या वस्तूचा आज आपल्याला दिसतो तो रंग प्रेक्षकांनी कधी पाहिलाच नव्हता. सिनेमा काळा-पांढरा होता. सुरुवातीच्या काळातली फिल्म तर अशी होती की तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल शालू पडद्यावर काळा ठिक्कर पडायचा. त्यामुळे सिनेमाचा रंगारी वस्तूला तिचा खरा रंग देत नसे. कॅमेऱ्याला काय दिसेल याचा हिशेब मनात करून तो ब्रश बुडवायचा. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न केला, प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, पण रंग बिघडले आणि तो नाद सोडून द्यावा लागला.

हा हिशेब ज्यांच्या हाडीमासी मुरला होता, त्यांचे नाव शेख फत्तेलाल. प्रभातमध्ये सगळे त्यांना साहेबमामा म्हणत.

साहेबमामांचा जन्म १८८६ चा, कोल्हापूरजवळच्या कागलचा. मिस्त्री घराण्यातले, म्हणजे हातात कसब असलेल्यांपैकी. कोल्हापुरात तेव्हा आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत असत. त्यांच्याभोवती कारागिरांची जी मंडळी जमली तिच्यात पेणहून आलेले विष्णुपंत दामले होते आणि फत्तेलाल होते. आनंदराव १९१६ ला वारले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून कॅमेरा घरीच तयार केला. हेच बाबूराव पुढे बाबूराव पेंटर म्हणून ओळखले गेले. रंगारी, सुतार, लोहार अशी ही फौज. इतिहासाची पदवी कुणाकडे नव्हती. पण कल्याणचा खजिना, सिंहगडाचा कडा, मावळ्याची पगडी कशी दिसत असेल हे पहिल्यांदा यांनी ठरवले आणि महाराष्ट्राने ते मान्य केले.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' (१९२०). त्यात भीम कीचकाचे मुंडके उडवतो. हे मुंडके अर्थातच बनवलेले, रंगवलेले. पण ते इतके हुबेहूब साधले होते की प्रेक्षक घाबरून ओरडले आणि कीचकाचे काम करणारा नट खरोखर मेला की काय अशी शंका आली, अशी हकीकत सांगतात. शेवटी तो प्रसंग सेन्सॉरने कापला. याच कीचकाने इंग्रज सरकारची झोप आधीही उडवली होती. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' नाटक लिहिले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना न सांगता कळले आणि सरकारने नाटकावर बंदी घातली. महाभारतातल्या पात्राला रंग लावून त्याच्यात कर्झन दाखवता येतो, ही युक्ती मराठी रंगभूमीला तेव्हाच सापडली होती. तिचे पुढे काय झाले ते नंतर येईल.

१९२३ च्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये चित्रित केली. शेलारमामाच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी सुरू केली. त्यांचा शिवाजी महाराजांवरचा मूकपट आधी 'स्वराज्याचे तोरण' होता. सेन्सॉरला 'स्वराज्य' शब्द खुपला म्हणून त्याचा 'उदयकाल' झाला. महाराजांचे काम खुद्द शांतारामांनी केले. म्हणजे १९३० च्या आसपास मराठी माणसाने पडद्यावर जे स्वराज्य पाहिले ते ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्यांत कागलच्या या मुसलमान मिस्त्रीचे हात होते. १९३३ ला कंपनी पुण्याला आली. तिथे दामले-फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत त्याचा गौरव झाला. शेवटी तुकोबांना न्यायला गरुड येतो, तो गरुडही रंगवलेलाच. त्या वेळी थिएटरात माणसे हात जोडत. दामले-फत्तेलाल या जोडीने पुढे 'गोपाळकृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर'ही केले.

साहेबमामांबद्दल लिहिताना आपले लोक हमखास 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक' म्हणून मोकळे होतात. मला ते कधी पटले नाही. प्रतीक हे भिंतीवर टांगायला बरे असते. फत्तेलाल कुणाचे प्रतीक व्हायला स्टुडिओत जात नव्हते. ते कामाला जात होते. देहूचे घर उभे करायचे तर उंबरा किती झिजलेला हवा, जिजाईच्या चुलीची काजळी भिंतीवर कुठवर चढलेली हवी, हे त्यांना माहीत होते. कारण तसली घरे त्यांनी आत जाऊन पाहिली होती. कागलच्या मुसलमानाचे घर देहूच्या वाण्याच्या घरापेक्षा फार वेगळे नसते. उंबरा तोच, चूल तीच.

साताऱ्यातून मला हे सगळे आठवण्याचे कारण फक्त वाघनखे नव्हती. संग्रहालयातून निघून मी रिक्षाने क्षेत्र माहुलीला गेलो. चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे, काळ्या दगडाची देवळे आहेत. हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. साताऱ्याच्या सावकाराच्या घरी काम करणारा अशिक्षित पोरगा, अपमान सहन न होऊन काशीला जाऊन शिकलेला आणि पुढे पेशव्यांचा न्यायाधीश झालेला, ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' काढला. गजानन जागीरदारांनी शीर्षक भूमिका केली आणि दिग्दर्शनही अखेर त्यांच्याकडेच आले. आनंदीबाई होत्या ललिता पवार. शांताराम तोवर कंपनी सोडून गेले होते, दामले आजारी होते. साहेबमामा मात्र होते. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळून खाक झालेला. पेशव्यांचे महाल हवे तर ते रंगवूनच उभे करावे लागणार, दुसरा इलाज नव्हता.

या चित्रपटाच्या मध्यभागी जो प्रसंग आहे तो म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून. तारीख ३० ऑगस्ट १७७३, दिवस गणेशोत्सवाचे. पगार थकलेले गारदी शनिवारवाड्यात घुसले. सतरा-अठरा वर्षांचा पेशवा जीव वाचवायला काका रघुनाथरावाकडे धावला, त्याला मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने त्याच्यावर स्वतःला झोकून दिले. दोघेही मारले गेले.

हा प्रसंग मी पहिल्यांदा चित्रपटात पाहिला नाही. मी तो केला आहे. सांगलीत आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तला (१९०९) प्रवेश बसवला होता. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केले आणि खाडिलकर तर आमचेच. तेव्हा गॅदरिंगला विनोदी नाटुकले चालत नसे, जुने नाटकच लागायचे. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि भूमिका वाटल्या. वर्गात मुसलमान मुले आम्ही तिघे. तिघेही गारदी. मागच्या वर्षी अफझलखानाचा प्रवेश होता, तेव्हा मीच खान होतो; त्यामुळे मला वाईट वाटले नाही, उलट अनुभवी कलाकार म्हणून माझी निवड झाली असे वाटून छाती फुगली. पत्र्याची तलवार, तिला चंदेरी रंग. डोळ्यांत सुरमा, कपाळापर्यंत हिरवा रुमाल, काळी दाढी. दाढीच्या डिंकाने गालावर पुरळ उठले. आईने रात्री खोबरेल लावताना विचारले, "कोण झालास रे?" मी म्हणालो, "गारदी." ती म्हणाली, "ते कोण?" मी म्हणालो, "आपलेच लोक. पेशव्याला मारलं त्यांनी."

हे वाक्य मी तेव्हा अगदी सहज बोललो. ते खोटे आहे हे कळायला मला तीस वर्षे लागली.

गारदी ही जात नव्हे, धर्म नव्हे. फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेले पगारी पायदळ म्हणजे गारदी. शब्दही बहुधा फ्रेंच 'गार्द'वरूनच आला. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफखाना लढवणारा इब्राहिमखान गारदी याच परंपरेतला. अब्दालीने त्याला धर्माचा हवाला देऊन फोडू पाहिले, तो फुटला नाही आणि लढाईनंतर हाल होऊन मेला. शनिवारवाड्यात घुसलेल्यांचे म्होरके होते सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसूफ. तीन नावांतली दोन वाचल्यावर हिरवा रुमाल कुणाला आठवू नये. पण आठवतो.

यापुढचे काम रामशास्त्रींचे. त्यांनी चौकशी केली, आणि ती चौकशी एका दिवसात, ऐकीव गोष्टींवर केली नाही. काही आठवडे साक्षी-पुरावे तपासले. त्यातून दोषी निघालेल्यांची मोजदाद रियासतकार सरदेसाई यांनी दिली आहे. एकूण ४९ माणसे. त्यांपैकी ब्राह्मण २६, प्रभू ३, मराठे ७ आणि गारदी १३. या १३ गारद्यांत हिंदू ८ आणि मुसलमान ५.

मी ही संख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा कागदावर बेरीज करून पाहिली. एकोणपन्नासात पाच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला ब्राह्मणांकडे बोट दाखवायचे आहे. अजिबात नाही. ब्राह्मण पेशव्याच्या दरबारात कट शिजला तर त्यात दरबारी ब्राह्मणच जास्त असणार, यात जातीचा संबंध कसला? तो सत्तेचा आणि पैशाचा मामला होता. रामशास्त्रींनीही तो तसाच पाहिला. मुख्य गुन्हेगार कोण, हे त्यांनी गारद्यांत शोधले नाही. नव्याने पेशवा झालेल्या रघुनाथरावाला तोंडावर सांगितले की दोष तुझा आहे आणि त्याला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे. मग न्यायाधीशपद सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर ते परतले. महंमद युसूफ पकडला गेला, त्याला देहदंड मिळाला. तो त्याला मिळायलाच हवा होता. त्याची वकिली मी करणार नाही. ज्याच्या सांगण्यावरून हे घडले तो रघुनाथराव मात्र अंथरुणावर मेला.

लोकांच्या लक्षात यातले राहिले काय? एक, 'ध चा मा'. नारायणरावांस 'धरावे' या हुकुमातले अक्षर बदलून आनंदीबाईने 'मारावे' केले, ही गोष्ट. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, ती आख्यायिका समजावी असे अनेक अभ्यासक म्हणतात. पण नाटकाला हातात धरायला कागद लागतो. पुरुषांनी केलेल्या कटाचे खापर एका बाईवर फोडायला तो उपयोगीही पडला. आणि दुसरे, दाढी. चौकशीतले ४९ आकडे रंगमंचावर आणता येत नाहीत. चार माणसे पळत येतात, त्यांना लांबून ओळखू यावे म्हणून काहीतरी लावावे लागते. विष्णुदास भाव्यांच्या काळापासून मराठी रंगभूमीवर राक्षसपार्टी असे. तोंडे रंगवलेली, आरडाओरडा करत येणारी. ऐतिहासिक नाटके आली तेव्हा पुराणातले राक्षस गेले. त्यांची जागा खान, गारदी, हबशी यांनी घेतली, असे मला वाटते. कीचकाच्या रंगाखाली कर्झन दाखवण्याची युक्ती होतीच. कर्झन गेला, इंग्रज गेले, रंगपेटी शिल्लक राहिली.

नाटक-सिनेमापुरते हे चालले असते. पडदा पडल्यावर दाढी काढता येते. पण २००९ च्या गणेशोत्सवात आमच्याकडे जे झाले तिथे पडदा नव्हता. मिरजेत एका स्वागतकमानीवर अफझलखान वधाचे चित्र लावले गेले. त्यावरून वाद सुरू झाला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दगडफेक झाली, संचारबंदी लागली. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. विसर्जनाच्या मिरवणुका अडकल्या. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. त्याबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही. मिरज म्हणजे मीरासाहेबांचा दर्गा, सतारी-तंबोरे घडवणारे कारागीर, अब्दुल करीम खाँ. त्या गावात आठ-दहा दिवस संध्याकाळी कुत्र्यांशिवाय रस्त्यावर कुणी नव्हते. आमच्या घरी दूध संपले तेव्हा मागच्या गल्लीतल्या पाटील वहिनींनी भिंतीवरून चरवी दिली. कमानीला विरोध करणारे आमचे काही तरुण अफझलखानासाठी भांडत होते, त्यांचेही मला आश्चर्य वाटले. विजापूरच्या त्या सरदाराने मिरजेच्या मोमीन-बागवानांना काय दिले? आणि वधाचे चित्र लावणाऱ्यांनी शिवाजी महाराजांच्या त्या दिवशीच्या दहा अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम चित्रात का घेतला नाही? खानाचा वकील कृष्णाजी भास्कर का घेतला नाही? चित्रात दोनच माणसे असली की ती माणसे राहत नाहीत, दोन मोहल्ले होतात.

महाराजांनी खानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी इतमामाने दफन केले अशी परंपरा आहे. ती कबर आजही सातारा जिल्ह्यात आहे. तिच्याभोवतीचे अतिक्रमण प्रशासनाने १० नोव्हेंबर २०२२ ला, नेमके त्याच तारखेला पाडले. बेकायदा बांधकाम होते, पाडले. कायद्याला माझी हरकत नाही. पण तारीख निवडण्यामागे नेपथ्यकाराचा हात दिसतो.

फत्तेलाल यांनी जन्मभर नेपथ्यच केले. त्यांच्या हातून बनलेल्या वस्तूंनी महाराष्ट्राला त्याचा भूतकाळ डोळ्यांनी दाखवला. पण ते आपल्या रंगवलेल्या भिंतीला कधी शनिवारवाडा म्हणाले नाहीत, ती सेट होती. काम झाले की मोडायची, लाकूड पुढच्या सिनेमाला वापरायचे. १९५० च्या दशकात प्रभात बंद झाली. १९६४ ला साहेबमामा गेले. जे सामान उरले ते संग्रहालयात आहे. रोज हजारो लोक प्रभात रोडवरून जातात. त्यांतल्या कितीजणांना शेख फत्तेलाल हे नाव सांगता येईल, कुणास ठाऊक. सांगली-साताऱ्याच्या माझ्या मुसलमान मित्रांना विचारून पाहिले. शांताराम सगळ्यांना माहीत, फत्तेलाल एकालाच, आणि तोही पूर्वी पोस्टर रंगवायचा म्हणून.

माहुलीच्या घाटावर त्या दिवशी फारसे कुणी नव्हते. दहाव्याचे विधी आटोपून एक कुटुंब निघाले होते. पाच वाजता साताऱ्याहून सांगलीची एसटी पकडली.

यंदा माझ्या बहिणीचा मुलगा सहावीत आहे. गॅदरिंग जवळ आले तसा त्याचा फोन आला. "मामू, दाढी पाहिजे." गावातल्या नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात त्याला घेऊन गेलो. दुकानदार म्हातारा, माझ्या लहानपणापासून बसलेला. पोराने दाढी मागितल्यावर त्याने खोका पुढे ओढला. मी विचारले, "खानाची वेगळी आणि गारद्याची वेगळी असते का हो काका?"

"नाही ओ," तो म्हणाला, "दाढी एकच असती. पन्नास रुपये. डिंक वेगळा घ्या."